डॉक्टरेट झाली, पण फंड कापतात का?

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली, चहा झाला आणि माझ्या भाचीने पर्समधून एक पत्र काढले. पीएच.डी. होऊन तिला चार महिने झाले होते. पुण्याच्या एका मोठ्या संशोधन संस्थेतून तिला ‘रिसर्च असोसिएट’ म्हणून बोलावणे आले होते. पत्र हातोहात फिरले. कोणी मोठ्याने वाचले, कोणी नुसताच शिक्का पाहिला. महिना ५८,००० रुपये आणि वर घरभाडे, हे ऐकून बायाबापड्यांचे चेहरे उजळले. तेवढ्यात बेस्टमधून निवृत्त झालेले नाना चष्मा पुसत म्हणाले, “पोरी, फंड किती कापतात?”

सगळे हसले. भाची हसली नाही. “नाना, यात फंड नाही,” ती म्हणाली.

“ग्रॅच्युइटी?”

“तीही नाही.”

“मग ही नोकरी कसली?”

नानांचा प्रश्न साधा होता, पण उत्तर साधे नव्हते. मी महापालिकेच्या आस्थापना शाखेत तीस वर्षे काढली. रजेचे अर्ज, फंडाची पाने, भत्त्यांची बिले यांतच माझी नजर तयार झाली. तरी ते पत्र मला दोनदा वाचावे लागले. आता आपल्या वस्त्यांमधून मुले-मुली पीएच.डी.पर्यंत पोहोचत आहेत. अशी पत्रे आणखी घरांत येतील. म्हणून चार गोष्टी लिहून ठेवाव्यात असे वाटले.

पीएच.डी. झाल्यावर लगेच प्राध्यापकाची किंवा शास्त्रज्ञाची कायम जागा मिळतेच असे नाही. मधली दोन-चार वर्षे उमेदवार एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली, एखाद्या ठरावीक मुदतीच्या प्रकल्पावर काम करतो. यालाच पोस्ट-डॉक्टरल संशोधन म्हणतात. मुले आपसात नुसते ‘पोस्टडॉक’ म्हणतात. काम पूर्ण वेळेचे, जबाबदारी शास्त्रज्ञाची. पण कागदावर तो नोकर नाही, ‘फेलो’ आहे. त्याला मिळतो तो पगार नव्हे, फेलोशिप. सगळा पेच या एका शब्दात आहे.

गिरणगावात वाढलेल्यांना हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. गिरणीत ‘बदली’ कामगार असायचा. रोज सकाळी गेटावर हजर राहायचे, कोणाचा खाडा असेल तर आत घ्यायचे, नसेल तर डबा घेऊन घरी परत. माग तोच, कापड तेच, घामही तोच. पण मस्टरावरचे नाव वेगळ्या पानावर. पोस्टडॉकला रोज गेटावर उभे राहावे लागत नाही आणि पैसाही बरा मिळतो, एवढा फरक मान्य. पण प्रकल्प संपला की नाव संपले, हे दोघांचे सारखेच.

आता पत्र वाचू. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांना विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे दर आणि अटी लागू होतात. १ जानेवारी २०२३ पासून रिसर्च असोसिएटला पहिल्या पायरीवर ५८,०००, दुसऱ्या पायरीवर ६३,००० आणि तिसऱ्या पायरीवर ६७,००० रुपये असे दर ठरले. पीएच.डी. करत असलेल्या ज्युनिअर फेलोला ३७,००० आणि सिनिअरला ४२,०००. महागाई भत्ता कोणालाच नाही. हे वाक्य आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावे. महापालिकेच्या सफाई कामगाराचा महागाई भत्ता वेळोवेळी वाढतो. फेलोशिप मात्र पुढची दरवाढ होईपर्यंत जागची हलत नाही. २०१४ मध्ये पहिल्या पायरीला ३६,००० होते, २०१९ मध्ये ४७,००० झाले, मग २०२३. प्रत्येक वेळी मध्ये चार-पाच वर्षे गेली आणि २०१९ च्या आधी तर देशभरातल्या संशोधकांना रस्त्यावर उतरावे लागले.

घरभाडे भत्ता मात्र मिळतो आणि तो केंद्र सरकारच्या नियमाने, त्या शहराच्या वर्गाप्रमाणे. जानेवारी २०२४ पासूनचे दर धरले तर मुंबई-पुण्यात ३० टक्के, नागपूर-नाशिकसारख्या शहरांत २० टक्के आणि लहान गावी १० टक्के. म्हणजे पुण्यात ५८,००० वर १७,४०० रुपये. संस्थेच्या वसतिगृहात खोली घेतली तर हा भत्ता बंद होतो. खोली घ्यावी की भत्ता, याचा हिशोब हो म्हणण्यापूर्वीच करावा.

औषधपाण्याची सोय ‘संस्थेच्या नियमाप्रमाणे’. या दोन शब्दांत काय काय बसते ते विचारल्याशिवाय कळत नाही. कुठे संस्थेचा स्वतःचा दवाखाना असतो, कुठे विम्याचे कार्ड मिळते, कुठे काहीच नसते. आई-वडिलांचा त्यात समावेश असेल, असे गृहीत धरू नये. गिरणी कामगारांच्या पिढीला राज्य विमा योजनेचे कार्ड होते, घरातल्या माणसांना त्यावर औषध मिळत असे. त्या योजनेची पायाभरणी बाबासाहेब मजूरमंत्री असताना झाली, कायदा १९४८ चा. ज्या घरात तिसरी पिढी डॉक्टरेट झाली, त्या घरात आजीकडे विम्याचे कार्ड होते आणि नातीकडे नाही, असेही घडू शकते.

बोनस, ग्रॅच्युइटी, एल.टी.सी. आणि निवृत्तीचे लाभ नाहीत, हे तर अटींमध्ये सरळच लिहिलेले असते. नानांच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच होते.

रजेचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. पीएच.डी. करणाऱ्या फेलोला वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवस किरकोळ रजा. रिसर्च असोसिएटला त्या त्या संस्थेच्या नियमाप्रमाणे रजा. आणखी एक चांगली अट आहे, जी मुलांना ठाऊक नसते: परिषद, कार्यशाळा अशा शास्त्रीय कार्यक्रमाला गेलेले दिवस, देशात असोत की परदेशात, ‘कामावर हजर’ धरायचे असतात. माझी भाची पीएच.डी.च्या काळात हैदराबादच्या परिषदेसाठी चार दिवस किरकोळ रजा टाकून गेली होती. कोणी तिला सांगितलेच नाही. रजेचा अर्ज आला की कारकून मंजूर करतो. ‘बाई, याची गरज नाही’ असे सांगणारा विरळा. मी त्या खुर्चीवर बसलेली आहे, म्हणून बोलते.

आता बाळंतपणाच्या रजेकडे येते. सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी पीएच.डी., मग लग्न, मग पोस्टडॉक. मूल होण्याचे वय आणि संशोधनाचे हे वय एकच. घरात सासू विचारते, प्रयोगशाळेत साहेब विचारत नाही पण कपाळाला आठी घालतो. मुलगी दोन्हीकडून गप्प बसते आणि पुष्कळदा कामच सोडून देते.

तिला हे माहीत असले पाहिजे की बाळंतपणाची रजा तिचा हक्क आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अटींत ज्युनिअर, सिनिअर आणि असोसिएट या सर्व महिला फेलोंना भारत सरकारच्या वेळोवेळीच्या आदेशांप्रमाणे प्रसूती रजा द्यावी असे म्हटले आहे. केंद्र सरकारी कर्मचारी स्त्रीला ही रजा १८० दिवसांची असते. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनींसाठी यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद आहे.

अडचण येते ती मुदतीची. समजा प्रकल्प मार्चमध्ये संपणार आणि मुलगी जानेवारीत रजेवर गेली. कार्यालय म्हणते, तीन महिने घ्या, पुढे तुम्ही आमच्याकडे नाहीच. अशाच एका प्रकरणात ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयात मुदतीच्या करारावर काम करणारी डॉक्टर प्रसूती रजेवर गेली आणि रजा चालू असतानाच तिचा करार संपला. रुग्णालयाने करार संपेपर्यंतचेच पैसे देऊ केले. न्यायालयाने सांगितले की बाळंतपणाचा लाभ कराराच्या तारखेपलीकडेही चालतो आणि पूर्ण २६ आठवड्यांचे पैसे तिला मिळाले पाहिजेत. तो निकाल १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याखालचा होता. २६ आठवड्यांची तरतूद त्यात २०१७ मध्ये आली आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती घेतली गेली. फेलोशिपवरच्या मुलीला हा निकाल जसाच्या तसा लागू होतो की नाही यावर कार्यालय वाद घालू शकेल, कारण ‘तुम्ही कर्मचारी कुठे आहात?’ हा त्यांचा हुकमी प्रश्न. पण निकालाचा दाखला अर्जात घातला तर अर्ज केराच्या टोपलीत टाकणे तितके सोपे राहत नाही.

या हक्काच्या मुळाशी कोण आहे, हे आपल्या माता-भगिनींना वेगळे सांगायला नको. तरी तारीख लक्षात असावी. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात स्त्री-कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलायला उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा. पण मालकालाही तिच्या कामाचा फायदा होतो, तेव्हा त्यानेही वाटा दिला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. पुढे मजूरमंत्री म्हणून १९४३ मध्ये त्यांनीच खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात दुरुस्ती आणली. गिरणीत आणि खाणीत राबणाऱ्या अडाणी बायांना जो हक्क त्या काळी मिळाला, तो मागताना आजच्या डॉक्टरेट झालेल्या मुलीने मान खाली घालावी?

प्रवासाचा विषय निघाला की आमच्या वस्तीतला एक मुलगा आठवतो. त्याचे वडील सफाई खात्यात. मुलाचा शोधनिबंध परदेशातल्या परिषदेत स्वीकारला गेला. संस्थेने विमानभाडे मंजूर केले, पण परतफेडीच्या बोलीवर. म्हणजे आधी खिशातून खर्च करा, मग बिल लावा. ज्यांच्या खिशात आहे त्यांना यात काही वाटत नाही. या घरात वडिलांनी पतपेढीतून ८०,००० रुपये काढले. मुलाने मोबाइलवर शोधून सगळ्यांत स्वस्त तिकीट घेतले, सरकारचेच पैसे वाचवले. परत आल्यावर बिल नामंजूर. कारण २०२२ पासून सरकारी खर्चाच्या विमानप्रवासाचे तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीनच ठिकाणांहून काढायचे असते. पोराला हे कोणी सांगितले नव्हते. शेवटी विशेष मंजुरी मिळाली, पण त्यात सात महिने गेले आणि तोवर पतपेढीचा हप्ता वडिलांच्या पगारातून कापला जात होता.

म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी लेखी मंजुरी हवी. देशातल्या परिषदेसाठी फेलो आणि असोसिएटना रेल्वेच्या सेकंड एसीचे भाडे मिळते. विमानाने जायचे तर आधी खास परवानगी घ्यावी, नंतरची चालत नाही. आगाऊ रक्कम मागता येते, मागायला लाजू नये. परत आल्यावर ६० दिवसांच्या आत प्रवासाचे बिल सादर करायचे. पूर्वी ही मुदत एक वर्ष होती, २०१८ मध्ये ती कमी झाली. विमानाचा बोर्डिंग पास, परिषदेची पावती, हजेरीचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. हरवलेला बोर्डिंग पास म्हणजे हरवलेले पैसे, असे आमच्या बिल विभागात म्हणत.

फेलोशिप वेळेवर येईलच असेही नाही. पैसे हप्त्याने येतात. प्रकल्पाचा वार्षिक अहवाल आणि खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र संस्थेकडून गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि त्या कागदाला उशीर झाला की शिक्षा फेलोला. दोन-तीन महिने घर चालेल एवढी रक्कम बाजूला ठेवूनच हजर व्हावे. राज्याच्या योजनांतही हेच दुखणे आहे. बार्टीच्या २०२१ च्या तुकडीतले पीएच.डी.चे संशोधक २०२३ मध्ये आझाद मैदानावर ठाण मांडून बसले होते, ते नोंदणीच्या तारखेपासून अधिछात्रवृत्ती मिळावी म्हणून. आपल्याच मुलांना आपल्याच महामानवाच्या नावाच्या संस्थेच्या पैशासाठी मैदानात झोपावे लागले.

खुद्द बाबासाहेबांचे तरी काय वेगळे होते? १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्यातूनच घरी पैसे पाठवायचे. १९१६ मध्ये लंडनला गेले. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि संशोधन अर्धवट टाकून १९१७ मध्ये परतावे लागले. पण येताना त्यांनी एक गोष्ट करून ठेवली, जी मला कारकुनी डोळ्यांना फार मोलाची वाटते: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल, अशी लंडन विद्यापीठाची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली. मग बडोद्याचा तो अपमान, मुंबईत सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, पैपैची बचत, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज; आणि १९२० मध्ये, मुदतीच्या आत, ते पुन्हा लंडनला पोहोचले. ती परवानगी घेतली नसती तर?

त्याच कोलंबिया विद्यापीठातल्या पोस्टडॉक मंडळींनी २०१८ मध्ये मतदान करून युनियन केली. कोणाच्या झेंड्याखाली? अमेरिकेतल्या मोटार कामगारांच्या युनियनच्या. २०२० मध्ये त्यांचा विद्यापीठाशी पहिला करार झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्यांनी तर आधीच, २०१० मध्ये, पहिला करार केला होता. तिथे नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ४८,००० शैक्षणिक कामगार संपावर गेले, त्यांत पोस्टडॉकही होते. डिसेंबरात त्यांचा नवा करार झाला आणि मूल झाल्यावर किंवा घरच्या आजारपणात आठ आठवडे पूर्ण पगारी रजा पदरात पडली. पूर्वी ती चारच आठवडे होती. डॉक्टरेट झालेली माणसे मोटार कामगारांच्या शेजारी उभी राहिली आणि त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही.

अमेरिकेला जाणाऱ्या मुलांनी मात्र तिथेही पत्रावर ‘एम्प्लॉयी’ लिहिले आहे की ‘फेलो’, हे पाहावे. अनेक ठिकाणी फेलो म्हटले की निवृत्तीचा फंड आणि काही सवलती गळतात. जे-१ व्हिसावर आरोग्य विमा सक्तीचा असतो. त्याचा हप्ता विद्यापीठ भरणार की आपण, हे आधी विचारावे. आणि या व्हिसावर गेलेल्या काहींना दोन वर्षे मायदेशी राहिल्याशिवाय तिथे कायम राहण्याचा परवाना मिळत नाही. ही अट व्हिसाच्या कागदावर नोंदलेली असते.

भाचीच्या पत्राकडे परत येते. त्या दिवशी विहारातच आम्ही संस्थेच्या कार्यालयाला विचारायचे प्रश्न लिहून काढले. घरभाडे भत्ता फेलोशिपच्या वर की त्यातच? रजा किती आणि कोणत्या? प्रसूती रजेत फेलोशिप चालू राहील का आणि प्रकल्पाची मुदत वाढेल का? दवाखान्याची सोय कोणाकोणाला? प्रवासाची आगाऊ रक्कम मिळते का? काम सोडताना तारखांसह अनुभवाचे प्रमाणपत्र मिळेल ना? शेवटचा प्रश्न माझा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहाय्यक प्राध्यापकाच्या निवडीसाठी पोस्टडॉकच्या प्रत्येक वर्षाला दोन गुण, जास्तीत जास्त दहा, धरले आहेत. प्रमाणपत्रावर तारीख नसेल तर गुण कशाचे देणार?

फंडाचे काय, यावर नानांनीच तोडगा सांगितला: पोस्टात पीपीएफचे खाते उघड आणि फंड तुझा तूच काप. वर्षाला कमीत कमी ५०० रुपये भरले तरी खाते चालू राहते, पंधरा वर्षांची मुदत असते. जमेल तेवढे भरावे. तिने पहिल्या आठवड्यातच खाते उघडले.

कार्यालयाचे उत्तर बारा दिवसांनी आले. घरभाडे भत्ता वेगळा मिळेल. वर्षाला ३० दिवस रजा. प्रसूती रजेत फेलोशिप चालू राहील, मुदतवाढीबाबत ‘निधी देणाऱ्या विभागाच्या निर्णयाप्रमाणे’. दवाखान्याचे कार्ड फक्त तिच्या एकटीला. बाकी प्रश्नांना उत्तर नाही. त्यासाठी तिने दुसरे पत्र टाकले आहे. एक तारखेला ती हजर झाली.

कोणाच्या घरी असे पत्र आले असेल तर रविवारी वंदनेनंतर विहारात घेऊन यावे, एक झेरॉक्स सोबत असावी. नाना आणि मी अकरा वाजेपर्यंत तिथेच असतो.